‘नुसतं सॉल्ट आहे ते’ म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र काचेवर फ्रॉस्टिंग-एचिंग (म्हणजे दुधी नक्षीकाम) करणाऱ्या माझ्या धंद्यातल्या लोकांना आहे, कार वॉशिंग सेंटरवाल्यांना आहे, सोसायट्यांच्या हाउसकीपिंगची कामं घेणाऱ्या ठेकेदारांना आहे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपल्याला हा माल किलोवर सुट्टा तोलून देणाऱ्या केमिकलच्या दुकानदारांना आहे. विषय एकच, अमोनियम बायफ्लोराइड, म्हणजे काच दुधी करायला आणि हट्टी डाग काढायला वापरतात ती पावडर. आपल्यात कोणी त्याला एबीएफ म्हणतं, कोणी एचिंग पावडर म्हणतं, कोणी नुसतं ‘ती पांढरी पावडर’ म्हणतं, पण नाव काहीही घेतलं तरी त्याच्या मागोमाग एक वाक्य ठरलेलं असतं, “अ‍ॅसिड नाहीये हो ते, नुसतं सॉल्ट आहे.” हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना, कामगारांना, घरच्यांना शंभर वेळा तरी ऐकवलं असेल. मागच्या वर्षीच्या जुलैपासून ते बंद केलं, का केलं ते लिहितो.

माझं अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आणि काचेचं दुकान आहे, मागे पत्र्याची शेड, तिथे काचकाम. सतरा वर्षं झाली. देवघराच्या दारावर कमळ नाहीतर ओम, बाथरूमच्या पार्टिशनला वेलबुट्टी, दवाखान्याच्या केबिनला अर्ध्यापर्यंत दुधी पट्टा, अशी कामं. प्लॉटरवर (डिझाइन कापायच्या मशीनवर) व्हिनाइल, म्हणजे चिकट स्टिकर, कापायचं, काचेवर चिकटवायचं, जिथे दुधी पाहिजे तेवढंच सोलायचं, पावडरीचा लेप द्यायचा, थोडा वेळ ठेवून धुवायचं. बोट फिरवलं तर रेशमासारखं लागतं असं फिनिश येतं, त्यामुळे गिऱ्हाईक खूश आणि आपणही खूश.

ही पावडर हवेतलं पाणी ओढते हे तुम्हाला माहितीच आहे. पावसाळ्यात पोत्याचं तोंड नीट बांधलं नाही तर आठ दिवसांत आत गुळाच्या ढेपेसारखी ढेकळं होतात. त्या दिवशी तसंच झालेलं. आमच्याकडचा पोरगा, बावीस वर्षांचा, कामाला वाघ, त्याने होजिअरीचे पांढरे हातमोजे घातले आणि अर्धा-पाऊण तास बसून ती ढेकळं हाताने चुरली. मोजे ओले होते, कारण सकाळी काचा धुताना तेच घातलेले. मी समोर होतो. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही, उलट मनात म्हटलं चला पोरगं मोजे तरी घालतंय. त्याने हात धुतले, चहा प्यायला, संध्याकाळपर्यंत काम केलं. आग नाही, खाज नाही, काहीच नाही.

रात्री दीड वाजता त्याचा फोन. “दादा, बोटं ठणकायला लागलीत, नखाखालून कोणीतरी दाभण घालतंय असं होतंय.” मी विचारलं काही फोड-बिड आलाय का, तर म्हणाला नाही, टोकं जराशी पांढरट झालीत फक्त. मी म्हटलं दुखण्याची गोळी घे आणि झोप, सकाळी बघू. पहाटे पाचला त्याच्या आईचा फोन आला, पोरगं हात बादलीत घालून भिंतीला डोकं आपटतंय म्हणून. मी गाडी काढली.

पहिल्या दवाखान्यात कॅज्युअल्टीत जे डॉक्टर होते त्यांनी हात बघितला आणि म्हणाले भाजल्यासारखं तर काही दिसत नाही, कशात हात घातलेला? आणि मी, मीच, त्यांना सांगितलं, “अ‍ॅसिड नाही डॉक्टर, सॉल्ट आहे एक, काचेच्या कामाचं.” झालं. दुखण्याचं इंजेक्शन आणि भाजल्यावर लावतात ते मलम देऊन घरी पाठवलं. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, मी जे सांगितलं त्यावरच ते चालले. दुपारपर्यंत दोन बोटांची टोकं निळसर पडायला लागली तेव्हा दुसरीकडे नेलं. तिथले मोठे डॉक्टर वयस्कर होते, त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, त्या पावडरीचं पूर्ण नाव काय. मला नीट सांगता येईना, शेडमधून पोत्याचा फोटो मागवला, त्यातला ‘फ्लोराइड’ हा शब्द त्यांनी वाचला आणि मग तिथली हालचालच बदलली. रक्तातलं कॅल्शियम तपासायला पाठवलं, ईसीजी काढला, मॉनिटर लावला. नर्सने कॅल्शियम ग्लुकोनेटच्या छोट्या काचेच्या अँप्युल फोडल्या, सोनोग्राफीला लावतात तसली पारदर्शक जेल वाडग्यात घेतली, त्यात ते कालवलं, ते मिश्रण ऑपरेशनच्या रबरी हातमोज्यात भरलं आणि तो मोजा पोराच्या हातावर चढवला. आतल्या आत बोटं चोळत बस म्हणाले. अर्ध्या तासाने त्याचा आवळलेला जबडा सैल झाला. रात्रीपासून पहिल्यांदा तो नीट बोलला, पाणी मागितलं त्याने.

त्या डॉक्टरांनी बोट बधिर करायचं इंजेक्शन मुद्दाम दिलं नाही. म्हणाले दुखणं हेच आपलं मीटर आहे, दुखायचं थांबलं म्हणजे आतलं फ्लोराइड बांधलं गेलं, पुन्हा दुखायला लागलं म्हणजे अजून शिल्लक आहे, बधिर केलं तर कळणार कसं. दोन दिवस मोजा बदलत राहिले. दोन नखं गेली, एक आलंय ते वाकडं आलंय. पोरगा आज कामावर आहे, पण थंडीच्या सकाळी त्या दोन बोटांत स्क्रू धरता येत नाही त्याला, बाजूच्या बोटांनी धरतो. मला ते रोज दिसतं.

आता मूळ मुद्दा. सॉल्ट म्हणजे काय, तर क्षार, रसायनशास्त्रातला एक मोठा गट. तुरटी पण सॉल्टच, द्राक्षबागेत मारतात ते मोरचूद पण सॉल्टच, आणि सोडियम सायनाइड पण सॉल्टच. सॉल्ट या शब्दावरून ते किती घातक हे अजिबात कळत नाही. आणि आपल्या या पावडरीची तर गंमतच वेगळी, म्हणजे गंमत नाही, भीतीच आहे. बायफ्लोराइड मधलं ‘बाय’ म्हणजे काय हे मी सतरा वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं. तर त्यात दोन फ्लोरीनच्या मधे एक हायड्रोजन पकडून ठेवलेला असतो. पावडर कोरडी आहे तोवर तो तिथेच असतो, पाणी लागलं की ती जोडी सुटते आणि पाण्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं. म्हणजे जे अ‍ॅसिड काचेला खातं, ज्याच्या नावाने मोठ्या कंपन्यांत वेगळे सूट घालतात, तेच. आपण विकत घेतो पावडर, पण लेप कालवला की डब्यात असतं ते अ‍ॅसिड. नसतं तर काच खाल्लीच गेली नसती. हे इतकं सरळ आहे आणि तरी डोक्यात आलं नाही कधी. काचेवर जो दुधीपणा येतो तो पण त्याचाच, फ्लोराइड काचेतली सिलिका खातं आणि त्यातून जे नवं क्षार बनतं त्याचे बारीक बारीक कण काचेवर बसतात, कणाच्या खालची काच वाचते, बाजूची खाल्ली जाते, म्हणून खडबडीत, म्हणून दुधी.

आणि दुखायला रात्र का उजाडली? हायड्रोक्लोरिक, म्हणजे आपण संडास-फरशीला वापरतो ते अ‍ॅसिड, कातडीला लागलं की तिथल्या तिथे चरचरतं, माणूस हात मागे घेतो, नळाखाली धरतो. हायड्रोफ्लोरिक हे पुस्तकी भाषेत ‘वीक’ अ‍ॅसिड आहे, म्हणजे पाण्यात त्याचे तुकडे कमी पडतात, बरंचसं अख्खंच राहतं, आणि तो अख्खा रेणू कातडीतून गुपचूप आत उतरतो. वरची कातडी तशीच दिसते. आत गेल्यावर फ्लोराइड सुटतं आणि ते शरीरातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडत जातं, मिळेल तिथून, हाडापर्यंत. पातळ द्रावण असेल तर पहिली कळ यायला कित्येक तास लागू शकतात, चोवीस तास सुद्धा. वीक या शब्दावर पण म्हणूनच जाऊ नका. आणि जास्त अंगावर पडलं किंवा पोटात गेलं तर फक्त बोटाचा प्रश्न राहत नाही, रक्तातलं कॅल्शियम झपकन खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, थांबतात सुद्धा. म्हणून त्या डॉक्टरांनी बोट दुखतंय म्हटल्यावर ईसीजी काढला.

मला नंतर एका ओळखीच्या कार वॉशवाल्याने विचारलं, अरे फ्लोराइड तर टूथपेस्टमध्ये पण असतं, मग एवढं काय. प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर प्रमाणात आहे. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड साधारण १००० पीपीएम, म्हणजे हजारात एक भाग. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाने १ मिलिग्रॅम प्रति लिटर चांगलं, दुसरा सोर्सच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त असल्याने लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आणि हाडं आखडणं हे पिढ्यांचं दुखणं आहे, म्हणजे लिटरमागे दोन-चार मिलिग्रॅम रोज पोटात जाऊन ही अवस्था. आणि आपल्या पावडरीत वजनाच्या दोन तृतीयांश फ्लोराइडच आहे. एक ग्रॅम पावडरीत साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर. पोटात किती गेलं तर धोका याचा डॉक्टर लोकांचा आकडा आहे शरीराच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड, तेवढं गेलं की थेट हॉस्पिटल. आता पंधरा किलोचं लेकरू धरा, त्याला ७५ मिलिग्रॅम झाले, म्हणजे आपल्या पावडरीचा एक ग्रॅमचा नववा भाग. चिमूट सुद्धा पूर्ण नाही ती. पाच टक्क्यांचं पाणी केलेलं असेल तर अर्धा चहाचा चमचा. हा हिशोब मी कागदावर तीन वेळा केला कारण माझा विश्वास बसेना.

आणि म्हणूनच आता हे लिक्विड ज्या बाटल्यांत भरतात त्यांचं बोलायचंय.

कार वॉशला अलॉय व्हीलवरची ब्रेकची काळी धूळ काढायला, सोसायटीत बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बाथरूमच्या काचेवरून आणि टाइल्सवरून घालवायला, स्टीलवरचा वेल्डिंगचा काळेपणा आणि कपड्यावरचे गंजाचे डाग काढायला जी झटपट लिक्विडं मिळतात त्यातल्या काहींमध्ये हेच असतं. सगळ्यांत नाही, पण काहींत नक्की. वीस लिटरचा कॅन येतो, आणि तिथून ते कशात भरलं जातं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, पाण्याच्या बाटलीत, कोल्ड्रिंकच्या बाटलीत, झाकणाला भोक पाडून. रंग पाण्यासारखाच. ती बाटली बाईच्या बादलीत, बादली जिन्याखाली, आणि जिन्यात वॉचमनची पोरं खेळतायत. कार वॉशला तर उन्हाचं काम, तहान लागते, हाताला येईल ती बाटली तोंडाला. माझ्या स्वतःच्या शेडमध्ये कालवलेला लेप श्रीखंडाच्या डब्यात असायचा. पांढराशुभ्र, घट्ट, आणि डब्यावर श्रीखंडाचं चित्र. आज लिहिताना पण अंगावर काटा येतोय.

पांढऱ्या पावडरीने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण अमेरिकेत घडलेलं आहे. १९४२ चा नोव्हेंबर, ओरेगन राज्यातलं सेलम गाव, तिथलं सरकारी मनोरुग्णालय. स्वयंपाकघरात अंड्याची भुर्जी चाललेली, दूध पावडर कमी पडली म्हणून एकाला कोठीतून आणायला पाठवलं, त्याने आणली ती झुरळांची पावडर. ती होती सोडियम फ्लोराइड, आपल्या पावडरीची चुलत बहीण म्हणा. दिसायला दूध पावडरीसारखीच. त्या एका जेवणात २६३ जणांना विषबाधा झाली, ४७ माणसं मेली. त्यात कोणाची नियत वाईट नव्हती. नजर चुकली, बस्स. आपल्या शेडमध्ये पावडर आणि चहाची साखर एकाच फळीवर असते हे मी किमान चार ठिकाणी बघितलंय.

आता दुकानदारांनो, तुमच्याशी जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका, वर्षानुवर्षं तुमच्याकडूनच माल घेतोय. अ‍ॅसिड म्हटलं की २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हापासून तुम्ही रजिस्टर काढता, ओळखपत्र मागता, कशाला पाहिजे विचारता, चांगलं करता. ही पावडर घेताना मला आजवर कोणी एक प्रश्न विचारला नाही. पन्नास किलोच्या पोत्यावर इंग्रजीत सगळं छापलेलं असतं, कवटीचं चित्र असतं, हात आणि लोखंड खाल्ल्याचं चित्र असतं, यूएन १७२७ हा धोकादायक मालाचा ओळख नंबर असतो. पण मी घेणार दोन किलो, तुम्ही देणार साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, फार तर वर मार्करने ‘एबीएफ’. कवटी पोत्यावरच राहिली. जो ती पावडर हाताळणार त्याच्यापर्यंत पोचतं फक्त तुमच्या तोंडचं वाक्य, सॉल्ट आहे, काही होत नाही. माल बनवणाऱ्याकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे धोके आणि घ्यायची काळजी लिहिलेला कागद, येते, घातक रसायनांचे १९८९ चे नियम आहेत त्यात ही माहिती ठेवायची आणि डब्यावर लेबल लावायची गोष्ट आहे, भोपाळनंतर हे सगळं आलं. ती शीट तुमच्या फाइलला लावून काय उपयोग? तिची मराठीत एक पानाची झेरॉक्स काढा, दोन किलो घेणाऱ्याला पण द्या, एक रुपयाचा खर्च आहे. पिशवीवर स्टिकर लावा, त्यावर पूर्ण नाव, ‘फ्लोराइड’ हा शब्द मोठा, आणि खाली एक ओळ, अंगाला लागलं तर डॉक्टरला हे नाव दाखवा. आमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या शेडला बऱ्याचदा फॅक्टरीचे नियम लागतच नाहीत, कोणी इन्स्पेक्टर येत नाही, आमच्यापर्यंत येणारा शेवटचा माणूस तुम्हीच आहात.

बरं, काम बंद करा असं मी म्हणत नाही. मीही बंद केलेलं नाही, पोट त्यावर आहे, फक्त पद्धत बदलली. कापडी मोजे पूर्ण बंद. ओला कापडी मोजा म्हणजे त्या पाण्याची पट्टीच की, हातावर तास-तासभर बांधून ठेवलेली, त्यापेक्षा उघडा हात बरा झाला असता, निदान धुतला तरी गेला असता. जाड नायट्राइल किंवा निओप्रीनचे (रबरासारखे, पाणी न शिरणारे) कोपरापर्यंतचे मोजे आणले, घालायच्या आधी त्यात फुंकून हवा भरायची आणि दाबून बघायचं, सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी फेकायचा. तोंडाला पारदर्शक फेस शील्ड. ढेकळं झालेलं पोतं चुरायचं नाही, छोट्या पोत्यातच माल घ्यायचा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवायचा. काचेच्या बरणीत तर नाहीच. आमच्याकडे एक जुनी काचेची बरणी होती, कोणीतरी उरलेलं पाणी त्यात ठेवलेलं, दोन महिन्यांनी बघितली तर पाण्याच्या रेषेपर्यंत आतून दुधी झालेली, अगदी सरळ रेष, जणू आम्हीच स्टिकर लावून फ्रॉस्ट केलीय. ती धुऊन, चुन्याच्या पाण्यात ठेवून मी काउंटरवर ठेवलीय. नवीन पोरगा कामाला आला की आधी ती हातात देतो.

मिसळामिसळ करू नका ही विनंती तर हात जोडून. लवकर काम व्हावं म्हणून लेपात हायड्रोक्लोरिक नाहीतर बॅटरीचं अ‍ॅसिड टाकणारे आहेत आपल्यात, मला माहितीये, मीही पूर्वी केलंय. त्याने फ्लोराइडचं अ‍ॅसिड आणखी सुटतं आणि त्याची वाफ नाकात-छातीत जाते. ब्लीचबरोबर टाकलं तर क्लोरिनसारखे विषारी वायू. गरम पाण्यात कालवणं, किंवा डबा हीटरजवळ ठेवणं, तेही तसंच. आणि मे महिन्यातली पत्र्याची शेड काय तापते ते वेगळं सांगायला नको, काम दारापाशी, पंखा पाठीमागून, वाफ बाहेर जाईल असा.

धुतलेलं पाणी गटारीत सोडू नका. माझ्या शेडमागे शेजाऱ्यांची विहीर आहे, एवढी वर्षं मी बिनधास्त सोडत होतो, आता ड्रममध्ये साठवतो आणि चुन्याची निवळी टाकतो. चुन्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला पकडतं आणि पांढरा गाळ खाली बसतो, तो पाण्यात विरघळत नाही. तेच जे कॅल्शियमच्या जेलने पोराच्या बोटात झालं. हे करताना अमोनियाचा वास सुटतो, म्हणून उघड्यावर आणि थोडं थोडं करा. बसलेला गाळ पण कचऱ्यात टाकायचा नाही, तो वेगळा साठवून घातक कचरा नेणाऱ्यांना द्यायचा.

आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, २.५ टक्क्यांची. हे नाव पाठ करा. सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ऑर्डर द्यावी लागते, तयार नाही मिळाली तर डॉक्टर लोक इंजेक्शनच्या अँप्युलपासून तिथल्या तिथे करतात, आमच्या वेळी केली तशी. हाताला लागलं तर आधी मोजे-कपडे काढून वाहत्या नळाखाली भरपूर धुवायचं, मग जेल चोळत राहायचं, दुखत नसलं तरी, आणि चोळत-चोळत दवाखाना गाठायचा. डोळ्यात गेलं तर जेल नाही, फक्त पाणी, पंधरा-वीस मिनिटं, आणि तसंच उठून हॉस्पिटल. पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका, माणूस शुद्धीत असेल तर दूध पाजा आणि १०८ ला फोन करा, छोट्या दवाखान्यात थांबू नका, कारण धोका हृदयाला आहे आणि तिथे मॉनिटर नसतो. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, टोल फ्री १८०० ११६ ११७, रात्री-अपरात्री पण, तुमच्या डॉक्टरांना शंका असेल तर ते पण विचारू शकतात. पिशवी, डबा, बाटली जे असेल ते बरोबर न्या. आणि डॉक्टरसमोर तोंडातून सॉल्ट हा शब्द काढू नका. सांगा, “फ्लोराइड आहे, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडसारखं वागतं.” माझ्या एका वाक्यामुळे त्या पोराचे सात-आठ तास गेले. ते सात-आठ तास मला परत देता येत नाहीत त्याला.

ठेकेदारांना एवढंच, तुमच्या बाया आणि पोरं कुठलं लिक्विड वापरतायत हे तुम्हाला तरी माहितीये का? डब्यावरचं नाव नाही, आतलं नाव. कॅनवर ‘बायफ्लोराइड’, ‘फ्लोराइड’, ‘हायड्रोफ्लोरिक’ यातलं काही लिहिलेलं असेल, किंवा कॅस नंबर (रसायनाचा ओळख नंबर) १३४१-४९-७ असेल, तर ते घरातल्या बाथरूमच्या डागांसाठी वापरायची काही गरज नाही. बोअरच्या पाण्याचे डाग मुळात चुन्याचे असतात, लिंबूफुलाच्या म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने निघतात, वेळ जरा जास्त लागतो, दोनदा घासावं लागतं. लागू दे वेळ. त्या ताई मोजे न घालता, स्लिपर घालून, बाथरूमचं दार लावून आत बसून घासतायत.

मी माझ्यापुरतं एक काम केलंय. ए-फोरच्या एका पानावर मराठीत मोठ्या अक्षरात सगळं टाइप केलंय, पूर्ण नाव, काय घालायचं, काय मिसळायचं नाही, लागलं तर काय करायचं, जेलचं नाव, फोन नंबर. माझ्या भाच्याने ते नीट लावून दिलं, आमच्या पोराने ते वाचून दोन शब्द बदलायला लावले, ‘त्वचा’ काढून ‘कातडी’ आणि ‘संपर्क’ काढून ‘लागलं तर’. येत्या सोमवारी माल आणायला जातोय तेव्हा पंचवीस कॉप्या लॅमिनेट करून दुकानदाराच्या काउंटरवर ठेवणार आहे, प्रत्येक पिशवीबरोबर एक द्या म्हणून. संपल्या की पुढच्या पंचवीस मी आणून देईन. कोणाला आपल्या गावातल्या दुकानात ठेवायला पाहिजे असेल तर सांगा, फाइल पाठवतो, खाली तुमच्या जवळच्या मॉनिटर असलेल्या हॉस्पिटलचं नाव लिहायला जागा मोकळी सोडलीय.

तुमचाच,
एक काचकामवाला